फॅट किती लागलं?

माझ्या भावाच्या गाईच्या दुधाला ३.५ च्या जागी ३.४ फॅट लागलं, की त्या दिवशीचा त्याचा दर कापला जातो. तिथं वाद नाही, विनवणी नाही. संकलन केंद्रावरच्या यंत्राची नळी दुधात बुडते, पडद्यावर आकडे उमटतात, पावती बाहेर येते. फॅट, एसएनएफ, डिग्री, पाणी. पावसाळ्यात ओला चारा जास्त पोटात गेला की फॅट उतरतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. तरी दर कापला जातोच. त्याच भावाला मी पुण्यात, माझ्या घरी, माझ्या हातानं चीज म्हणून जे वाढलं, त्यात दुधाचं फॅट नव्हतं. पामतेल होतं. या गोष्टीला बरेच महिने झाले, पण माझा राग काही उतरलेला नाही.

आमचं माहेर फलटण तालुक्यातलं. भावाच्या गोठ्यात एचएफ गाई. भाची दहावी झाली, पुण्याला आली आणि म्हणाली, आत्या, तू करतेस तो बेक्ड पास्ता कर, भरपूर चीज घालून. भाऊ आणि भावजयही आले होते. आम्ही बरीच माणसं होतो, म्हणून मोठा ट्रे लावायचं ठरलं.

हा पदार्थ मी लग्नानंतर शिकले आणि माझ्या पद्धतीनं पक्का केला. भाज्यांचं पाणी हा त्यातला खरा शत्रू. फरसबी, गाजर, मटार मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवून चाळणीत निथळून घ्यायचे आणि मग फडक्यावर पसरायचे. फ्लॉवर उकडायचा नाही, लोखंडी तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत परतायचा. ढोबळी मिरची कच्चट ठेवायची. पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी उतरवायचा, कारण उरलेला तो ओव्हनमध्ये शिजतो. व्हाइट सॉससाठी दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा, दोन कप दूध. मैदा लोण्यात मंद आचेवर परतायचा, कच्चा वास जाईपर्यंत, पण रंग बदलू द्यायचा नाही. मग दूध थोडंथोडं घालत हलवत राहायचं. उकळी आल्याशिवाय मैदा फुलत नाही, म्हणून घाई करायची नाही. मिरपूड, किसभर जायफळ. चीज गॅस बंद करून घालायचं. मोठ्या ट्रेला हेच प्रमाण तिप्पट. वर उरलेलं चीज आणि टोस्टचा चुरा, १८० अंशांवर पंचवीस मिनिटं, आणि शेवटी फक्त वरचा रॉड. हे मी डोळे मिटून करते.

चीज एरवी मी ब्रँडचं, खोक्यातलं आणते. त्या दिवशी किलोभर लागणार होतं म्हणून बेकरीचं सामान ठोक विकणाऱ्या एका दुकानात गेले. "पिझ्झाचं मोझरेला चीज द्या," असं म्हटलं. माणसानं फ्रीजरमधून मोठी लादी काढली, तारेनं कापली, पारदर्शक पिशवीत घातली आणि वर दुकानाचं स्टिकर लावलं. स्टिकरवर वजन आणि किंमत. बिलावर स्पष्ट छापलं होतं, चीज. दर नेहमीच्या जवळजवळ निम्मा. ठोकात स्वस्त पडतं, हे कुणालाही पटेल.

ट्रे बाहेर आला तेव्हा कडेनं तेल सुटलं होतं. तेल सुटलं म्हणून चीज खोटं, असं मात्र नाही. खरं मोझरेलाही जास्त तापलं की त्याच्या प्रथिनांचं जाळं आवळतं आणि अडकलेला स्निग्धांश बाहेर येतो. मी टिश्यूनं टिपलं आणि वाढलं. मुलांनी चाटूनपुसून खाल्लं. भावानं दोन घास खाल्ले आणि तो थांबला. मग उठून ओट्याशी आला. किसलेलं थोडं चीज वाटीत उरलं होतं. ते त्यानं पळीत घेतलं, गॅसवर धरलं, आणि पळी नाकाशी नेली. लोणी कढवताना जो वास येतो, तो दुधाच्या कुठल्याही स्निग्धांशात थोडा तरी येतोच. त्यानं पळी माझ्या नाकाशी धरली. वडे तळून उरलेल्या कढईचा वास होता.

"ताई, ह्याला दुधाचा वास न्हाई," एवढंच म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी तिथं जाऊन उभी राहिले. मालकांना म्हटलं, ती लादी ज्या खोक्यातून आली ते खोकं दाखवा. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, उलट त्यांना नवल वाटलं. खोकं आणून ठेवलं. खोक्यावर चीज हा शब्दच नव्हता! पिझ्झा टॉपिंग असं काहीसं नाव, आणि घटकांच्या यादीत, मुंगीएवढ्या अक्षरात, पाणी, खाद्य वनस्पती तेल (पाम), स्टार्च, दुधाची प्रथिनं, मीठ, मग आकड्यांची रांग. बाजूला शाकाहाराचं हिरवं चिन्ह. ते चिन्ह खरंच होतं. पामतेल शाकाहारीच असतं. म्हणजे कारखान्यानं खोकं कायद्यात बसवलं होतं. खोकं फुटून लादी कापली गेली, पिशवीत गेली, आणि त्या दोन हातांच्या अंतरात तिचं चीज झालं.

मी मालकांना विचारलं, बिलावर चीज का लिहिलंत? ते म्हणाले, "मॅडम, सगळे हॉटेलवाले हेच नेतात. गाड्यावर चीज सँडविच खाता ना, त्यात हेच. तुम्हालाच पहिल्यांदा त्रास झाला." मी म्हटलं, मला पोटाचा त्रास नाही झालेला. मी जे मागितलं ते तुम्ही दिलं नाहीत आणि जे दिलंत त्याचं नाव सांगितलं नाहीत. त्यांनी गल्ल्यातून पैसे काढून पुढे केले. मला ते जास्त लागलं. पैसे परत केले की प्रश्न मिटला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी म्हटलं, पैसे राहू द्या, फ्रीजरवर एक पाटी लावा: 'हे वनस्पती तेलाचं आहे'. तर म्हणाले, "पाटी लावली तर कोण नेईल?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. पाटी लावली तर कोणी नेणार नाही, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपण काय विकतोय हेही ठाऊक आहे. आपल्याकडे अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ सालचा आहे. दुधाचा स्निग्धांश काढून त्या जागी दुसरं तेल घातलेला पदार्थ दुधाच्या पदार्थाचं नाव लावून विकता येत नाही, हा नियम त्याच्याखाली आहे. सुटं करून पुन्हा पिशवीत भरलं तरी लेबल सुटत नाही. पनीरच्या बाबतीतही हेच चाललं आहे, आणि लग्नाच्या पंगतीत तर विचारायलाच नको.

आता दुसरी बाजू पाहा. एक किलो चीज व्हायला साधारण दहा लिटर गाईचं दूध लागतं. त्या दुकानात रोज अशा किती लाद्या कापल्या जात असतील? प्रत्येक किलोमागं दहा लिटर दूध कुणाच्या तरी कॅनमध्ये पडून राहिलं, असा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतो. २०१८ च्या जुलैत दुधाच्या दरासाठी पश्चिम महाराष्ट्रात रस्त्यावर दूध ओतलं गेलं, तेव्हा शहरातल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी मला विचारलं होतं की गरिबांना वाटायचं सोडून दूध ओततात कशाला. ते आंदोलन मिटलं ते लिटरला २५ रुपयांच्या बोलीवर. २०२४ मध्ये पुन्हा सरकारला गाईच्या दुधावर लिटरमागं ५ रुपयांचं अनुदान द्यावं लागलं. दूध जास्त झालं, पावडर खपत नाही, म्हणून दर पडले, असं दर वेळी सांगितलं जातं. आणि इकडे गल्लोगल्ली चीज पिझ्झा, चीज डोसा, चीज वडापाव. चीजचं खूळ एवढं वाढलं, तर दूध जास्त कसं होतं? ज्या देशात पामतेलाची आयात जगात सर्वांत जास्त आहे, तिथं हा प्रश्न कुणीतरी मोठ्यानं विचारला पाहिजे. मी तेव्हा म्हणत होते की असल्या वस्तूवर बंदीच आणावी.

बेंदराच्या सणाला माहेरी गेले तेव्हा, भावाच्याच दुधाचं मोझरेला करून पाहायचं म्हणून, लिंबूफूल आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट बरोबर नेलं. सकाळच्या धारेचं चार लिटर दूध घेतलं. लिंबूफूल पाण्यात विरघळवून गार दुधात घातलं, ते ३२ अंशांपर्यंत तापवलं, रेनेटचे थेंब घातले आणि झाकून ठेवलं. दही लागतं तसं ते लागलं, पण जास्त घट्ट. सुरी फिरवली की चिरेच्या दोन्ही बाजू काचेसारख्या उभ्या राहत होत्या. चौकोनी तुकडे केले, पुन्हा जरा गरम केले, हिरवट पिवळी निवळी सुटली. ती भावजयीनं भाकरीच्या पिठासाठी बाजूला काढली, उरलेली कालवडीला. गोळा मिठाच्या कढत पाण्यात बुडवला आणि ओढला. आधी तो तुटत होता. मग एकदम ऐकायला लागला, लांब झाला, घडी घातली की चकाकायला लागला. भाऊ गोठ्यातून हात धुऊन आला आणि त्यानं तो माझ्या हातातून काढूनच घेतला. एवढी वर्षं दूध घालणाऱ्या माणसानं आपल्या दुधाचं हे रूप कधी पाहिलं नव्हतं. गोळा अर्ध्या किलोच्याही आत भरला.

घरी ओव्हन नाही. आईनं जाड पातेल्यात वाळू तापवली, त्यात डबा ठेवला, वर तव्यात निखारे. खाली-वर विस्तव देऊन ती पूर्वी नानकटाई करायची. पास्ता पुण्याहून नेला होता, भाज्या शेतातल्या: गवार सोडून सगळं घातलं, कोवळा मका तर अप्रतिम लागला. वरचा थर निखाऱ्यांखाली जागोजागी करपट तांबूस झाला. रॉडच्या ओव्हनमध्ये तो रंग मला कधी मिळालेला नाही.

आता जे झालं ते झालं तसं सांगते. ताज्या मोझरेलाला खारटपणा कमी, आणि त्यात पाणी असतं. ते सॉसमध्ये उतरलं आणि पहिला डबा पातळ झाला. दुसऱ्या डब्याला मी मोझरेला किसून तासभर फडक्यात बांधून ठेवलं आणि फलटणहून आणलेले प्रोसेस्ड चीजचे क्यूब सॉसमध्ये घातले. तेव्हा चव आली. तुम्ही करणार असाल तर असंच करा: दाटपणा आणि खारटपणा प्रोसेस्ड चीजचा, तार मोझरेलाची. एकट्या मोझरेलावर विसंबू नका.

भाची जेवून उठताना म्हणाली, "आत्या, पुण्यात केलेलास तो जास्त चीजी होता."

भाऊ काही बोलला नाही. तो मनात हिशेब करत होता, हे मला दिसत होतं. चार लिटर दूध, अर्धा किलोपेक्षा कमी माल, लाकूडफाटा, दोन बायकांची अख्खी सकाळ. त्याला त्यातून धंदा दिसायला लागला होता. फलटणला, बारामतीला कॅफे झालेत, तिथं देता येईल, असं तो रात्री बोलून गेला. मी त्याला म्हटलं, ते तुझ्याकडून घेणार नाहीत, ते त्या लादीच्या दराशी तुलना करतील. म्हणजे दुकानदार बोलला होता तेच मी भावाला सांगत होते. आणि खरं तर आता मी बंदीही मागत नाही. तेलाची लादी विष नाही. ज्याला परवडत नाही त्यानं ती खुशाल घ्यावी. नाव सांगून विका, एवढंच माझं म्हणणं उरलं आहे, आणि त्यावर मी हटणार नाही.

भावजय भांडी घासत होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, ती लादी किलोला कितीला पडली होती?" मी आकडा सांगितला. "मग पोरीच्या डब्याला तीच बरी," ती म्हणाली, "आपलं दूध डेअरीला गेलं तर पगार होतो." दूध घालून दर दहा दिवसांनी जे पैसे येतात, त्याला आमच्याकडे पगारच म्हणतात. त्यातून भाचीची अकरावीची फी जायची होती. मला तिचा राग आला, आणि तिच्या हिशेबात मला चूकही सापडली नाही.