जुनो येथील भिंतचित्र

अलास्काला जाणारा प्रवासी हिमनद्या पाहावयास जातो. मीही त्यासाठीच गेलो होतो. राजधानी जुनोला बाहेरून येणारा रस्ताच नाही. जहाजाने किंवा विमानानेच पोहोचावे लागते. गावाजवळची मेंडेनहॉलची निळसर हिमनदी अवश्य पाहावी. धुरावर सुकवलेला सॅमन मासाही चाखावा. सुकटावर वाढलेल्या जिभेला तो परका वाटत नाही.

मी मात्र अधिक वेळ थांबलो तो बंदरालगतच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीवरील एलिझाबेथ पेराट्रोविच यांच्या भव्य चित्रासमोर. त्या तेथील मूळनिवासी त्लिंगित समाजाच्या. त्यांच्या काळी दुकानांवर, उपाहारगृहांवर मूळनिवासींना प्रवेश नाकारणाऱ्या पाट्या असत. अशा पाट्यांचा अर्थ आपल्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. १९४५ साली त्यांनी सिनेटसमोर साक्ष दिली. भेदभावविरोधी विधेयक ११ विरुद्ध ५ मतांनी संमत झाले आणि १६ फेब्रुवारी रोजी त्यावर गव्हर्नरांची स्वाक्षरी झाली. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यास तेव्हा १९ वर्षांचा अवकाश होता.

जहाजातून उतरणारे बहुतेक जण चित्राचे छायाचित्र घेऊन हिमनदीच्या बसकडे वळतात. आपल्यापैकी कोणी गेल्यास त्याने पुढची बस धरावी.