ट्रिनिटीच्या कबरी आणि फाटकाबाहेरचे लोक

न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटच्या तोंडाशी ट्रिनिटी चर्च आहे. त्याच्या आवारातल्या कबरींवरची नावं वाचली की अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाची हजेरीच लागते. देशाचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन इथे आहेत. १८०४ मध्ये उपाध्यक्ष आरन बर यांच्याशी झालेल्या द्वंद्वात गोळी लागून ते गेले. जेफरसन यांचे अर्थमंत्री अल्बर्ट गॅलॅटिन, आगबोटीला धंद्यात उभं करणारे रॉबर्ट फुल्टन आणि शहराचं पहिलं वर्तमानपत्र काढणारे विल्यम ब्रॅडफर्डही इथेच आहेत.

आमच्या अभ्यासवर्गातल्या मुलांना हॅमिल्टन आवडतात, आणि का ते उघड आहे. कॅरिबियन बेटावरचा अनाथ मुलगा लेखणीच्या जोरावर वर आला. ज्या किंग्ज कॉलेजात ते शिकले त्याचंच पुढे कोलंबिया विद्यापीठ झालं, आणि तिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. ते कॉलेज १७५४ मध्ये सुरू झालं तेही ट्रिनिटीच्याच शाळेच्या इमारतीत. म्हणजे हे आवार आपल्याला अगदी परकं नाही. म्हणूनच आम्ही मुलांना सांगतो की नावं वाचून झाली असतील तर आता फाटकाचा नियम वाचा.

चर्चला सनद मिळाली १६९७ मध्ये. त्याच वर्षी ऑक्टोबरात चर्चच्या कारभाऱ्यांनी ठराव केला की या आवारात कोणाही काळ्या माणसाला पुरायचं नाही. मग शहराच्या वेशीबाहेर, तळ्याकाठच्या पडीक जमिनीत काळ्यांचं वेगळं दफनस्थान वापरात आलं. तिथेही कायदा पाठ सोडत नव्हता. १७२२ मध्ये रात्रीचे अंत्यविधी बंद केले गेले. दिवसभर मालकाकडे राबणाऱ्याने आपलं माणूस कधी पुरायचं, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नाही. १७३१ मध्ये अंत्ययात्रेला बाराच माणसं, अशी मर्यादा आली. चार माणसं एकत्र जमली की मालकवर्गाला बंडाचा वास येतो. ओढ्यापलीकडची, वाट नसलेली, शेड नसलेली स्मशानभूमी ज्यांच्या वाट्याला आली त्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं: "ती माणसं त्यांच्या काळाची होती, आजच्या फूटपट्टीने मोजू नका." समाजशास्त्र शिकताना वर्गातही आम्ही हे पुष्कळ ऐकलं. आमचं म्हणणं एवढंच की काळ म्हणजे फक्त मालकांचा काळ नव्हे. १७८८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या गुलाम आणि मुक्त काळ्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला होता. वैद्यकीचे विद्यार्थी आमच्या कबरी उकरून प्रेतं चिरफाडीला नेतात, ते थांबवा, अशी त्यांची मागणी होती. कोणी दखल घेतली नाही. मग खुद्द ट्रिनिटीच्या आवारातून एका गोऱ्या बाईचं प्रेत चोरीला गेल्याची बातमी आली आणि एप्रिलात शहरात दंगल पेटली. मेलेल्याची विटंबना वाईट, हे त्या काळाला पुरेपूर कळत होतं. कोणाच्या मेलेल्याची, एवढाच प्रश्न होता.

याच आवारात हर्क्युलिस मलिगन यांची कबर आहे. हा शिंपी ब्रिटिश अधिकाऱ्यांचे कपडे शिवता शिवता वॉशिंग्टनसाठी हेरगिरी करत असे. मिळालेली माहिती पोहोचवायला जीव धोक्यात घालून जायचा तो केटो, मलिगन यांचा गुलाम. पुढे १७८५ मध्ये गुलाममुक्तीसाठी संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत हॅमिल्टन आणि मलिगन दोघे होते. त्या संस्थेच्या कित्येक सभासदांच्या घरी गुलाम होते. हॅमिल्टन यांच्या हिशेबवहीतही गुलाम खरेदीच्या नोंदी सापडतात. ती खरेदी स्वतःसाठी की सासरच्यांसाठी, यावर इतिहासकार अजून भांडतात. विकल्या गेलेल्या माणसाला त्याने काय फरक पडला असेल, हे मात्र त्या वादात फारसं येत नाही.

वेशीबाहेरचं ते दफनस्थान १७९४ मध्ये बंद झालं. वर भराव पडला, प्लॉट पडले, दुकानं उभी राहिली. बाबासाहेब न्यूयॉर्कला होते तेव्हाही ते इमारतींखालीच होतं. १९९१ मध्ये सरकारी टॉवरसाठी पाया खोदताना सांगाडे निघू लागले, तरी काम चालूच राहिलं. काळे न्यूयॉर्ककर रस्त्यावर उतरले, रात्र रात्र जागले, तेव्हा १९९२ मध्ये खोदाई थांबली. सांगाड्यांचा अभ्यास कोणी करायचा यावरही ते भांडले, आणि ते काम काळ्यांचं ऐतिहासिक विद्यापीठ असलेल्या हॉवर्डकडे आलं. निघालेले सांगाडे ४१९. एकंदर १५ हजारांहून अधिक माणसं तिथे पुरली असावीत असा अंदाज आहे. हाडांवर ओझी वाहिल्याच्या खुणा होत्या. एका बाईच्या कमरेला मण्यांची माळ तशीच होती. २००३ मध्ये घानात कोरलेल्या लाकडी पेट्यांतून, शहराशहरांतून मिरवणुकीने, त्या ४१९ जणांना परत आणून त्याच जमिनीत ठेवलं गेलं. २००६ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. हॅमिल्टनशेजारी जागा द्या, असं त्यांनी मागितलं नव्हतं. आमची जमीन आम्हाला मोजू द्या, एवढीच मागणी होती.

आपली मुलं आता कोलंबियाला शिकायला जातात, बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापाशी फोटो काढतात. तिथूनच एक नंबरच्या मेट्रोने चेंबर्स स्ट्रीटला उतरायचं, थोडं चालून ड्युएन स्ट्रीटवर आधी या स्मारकापाशी जायचं. ट्रिनिटी तिथून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे.