दाराबाहेरच्या चपला आणि जेम्स बाँड

२०१२ च्या नोव्हेंबरात अण्णा मला इंदापूरहून बारामतीला 'स्कायफॉल' दाखवायला घेऊन गेले. हिंदीत डब केलेला. मी अकरावीत होते. परतताना एसटीत काटेवाडीपासून निमगाव केतकीपर्यंत त्यांचं एकच पालुपद, "हा गडी हसतच नाही गं. बाँड कसा पाहिजे? मरायची वेळ आली तरी टायची गाठ सैल होता कामा नये."

अण्णांचा बाँड म्हणजे रॉजर मूर. पुण्यात कॉलेजला असताना त्यांनी 'ऑक्टोपसी' पाहिला होता. त्याचं बरंच चित्रीकरण उदयपूरचं. त्यात कबीर बेदी, विजय अमृतराज आणि रिक्षांचा पाठलाग. रिक्षात बसलेला बाँड त्यांना कायमचा आपला वाटला. माझा पहिला बाँड डॅनियल क्रेग, त्यामुळे माझा तो. प्रत्येकाचा लाडका बाँड बहुतेक वेळा पहिला पाहिलेलाच असतो. मग कारणं शोधायची.

आमची कारणं म्हणजे गल्ल्याचे आकडे. मी म्हणायचे, 'स्कायफॉल'नं जगभरात ११० कोटी डॉलर कमावले, १०० कोटींच्या वर गेलेला पहिलाच बाँडपट. अण्णा म्हणायचे, १९६५ च्या 'थंडरबॉल'चे १४ कोटी आजच्या भावात मोज, मग बोल. वर १९८३ चा दाखला तयार. त्या एका वर्षात दोन बाँड आले. मूरचा 'ऑक्टोपसी' आणि दुसऱ्या निर्मात्यानं शॉन कॉनरीला घेऊन काढलेला 'नेव्हर से नेव्हर अगेन'. मूरच्या सिनेमानं साडेअठरा कोटींच्या पुढे मजल मारली, कॉनरीचा १६ कोटींच्या आसपास थांबला.

"पण अण्णा, अभिनय?"

"लोकांनी तिकीट काढलं ना? मग झालं."

ही चर्चा पुढे माझ्याच अंगाशी आली.

२०२२ च्या मे महिन्यात अण्णांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. आमच्या पुढच्या खोलीत ते दहावीच्या इंग्रजीचा क्लास घ्यायचे. तो मी चालवायला घेतला. क्लासचं बॉक्स ऑफिस सोपं असतं, दाराबाहेरच्या चपला मोजायच्या. अण्णांच्या काळात साठ जोड. माझ्याकडे जूनमध्ये तीस, दिवाळीनंतर एकोणीस. एक पालक म्हणाले, "तुम्ही चांगलंच शिकवता हो, पण सरांची मजा वेगळी होती."

त्या हिवाळ्यात मी रात्री मोबाईलवर जुने बाँडपट पाहत बसायचे. शोधत कुणाला होते, ते आता कळतं. ज्यांचे आकडे पडले त्यांना.

जॉर्ज लेझनबी हा ऑस्ट्रेलियन मॉडेल. कॉनरीनंतर १९६९ साली 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये आला, एकच सिनेमा करून गेला. आधीच्या सिनेमापेक्षा गल्ला कमी, म्हणून पडेल असा शिक्का बसला. खरं तर खर्चाच्या कितीतरी पट पैसे वसूल झाले होते आणि पुढच्या सिनेमाआधी तो स्वतःच बाहेर पडला होता. आज अनेक चाहते तो सिनेमा मालिकेतल्या सर्वोत्तमांत धरतात. शेवटी लग्नाच्याच दिवशी बायकोला गोळी लागते आणि बाँड तिला कुशीत घेऊन बसतो. तोवरचा कुठलाही बाँड इतका उघडा पडला नव्हता.

दुसरा टिमथी डाल्टन. इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्या वाचून त्यानं थकलेला, रागावलेला बाँड उभा केला. १९८९ चा 'लायसन्स टू किल' १५ कोटींच्या आसपास अडकला. समोर त्याच उन्हाळ्यातले 'बॅटमॅन' आणि इंडियाना जोन्स. त्यानंतर कोर्टकज्ज्यांत सहा वर्षं बाँडपट आलाच नाही. १९९५ साली पिअर्स ब्रॉस्ननचा 'गोल्डनआय' आला आणि साडेतीन कोटींवर नाही, पस्तीस कोटींवर गेला. डाल्टनचा तोच राग २००६ मध्ये क्रेगनं 'कसिनो रोयाल'मध्ये आणला, तेव्हा मात्र सगळ्यांनी उचलून धरला. म्हणजे आकडा फक्त नटाचा नसतो. वर्षाचा असतो, समोरच्या सिनेमाचा असतो, आणि आधी कोण होऊन गेलं त्याचाही असतो.

हे सापडल्यावर मला बरं वाटलं. थोडं जास्तच बरं वाटलं, म्हणून लेझनबी पुन्हा पाहिला. काही संवादांत तो खरंच लाकडी आहे. सिनेमातल्या मोठ्या भागात बाँड दुसऱ्या माणसाचं सोंग घेतो, तिथे तर आवाजही दुसऱ्या नटाचा आहे.

तिथे मी थांबले. कारण वर्षभर मीही अण्णांच्याच वह्या, अण्णांचीच उदाहरणं, अण्णांचेच विनोद वापरत होते. आवाज माझा नव्हताच. पोरं हसत नव्हती, त्यात पोरांची काय चूक? क्रेगला बारटेंडर मार्टिनी हलवून हवी की ढवळून विचारतो, तेव्हा तो चक्क वैतागतो. चाळीस वर्षांची ठरलेली टाळी त्यानं सोडून दिली होती.

पुढच्या जूनमध्ये मी वह्या कपाटात ठेवल्या. मला विनोद जमत नाहीत. मला मुलांना बोलतं करणं जमतं. आता क्लासचा अर्धा वेळ मुलंच बोलतात, चुकत, अडखळत. पट एकदम वाढला वगैरे नाही. दोन मुलं बारामतीच्या मोठ्या क्लासला गेली, तीन नवी आली.

अण्णा संध्याकाळी व्हरांड्यात खुर्चीवर बसून असतात. आतलं सगळं ऐकू येतं त्यांना. मध्ये त्यांनी 'कसिनो रोयाल' माझ्या मोबाईलवर पूर्ण पाहिला. मत दिलं नाही. पण क्लास सुटायच्या आधी ते चपला अजून मोजतात.

"चो...वीस," परवा म्हणाले.

"बावीस, अण्णा. एक जोड आईचा, एक माझा."

"धरले," ते म्हणाले. "गल्ला... असाच सांगतात."