शनिवारची वही

शनिवारची ओपीडी उरकली की मी नांदेडहून लातूरची एसटी धरायची. विष्णुपुरी, लोहा, अहमदपूर, चाकूर. मांडीवर दोनशे पानी वही. एम.डी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गोळ्यांचे डोस तोंडपाठ होते, पण समोरचं माणूस रडायला लागलं की माझा हात चिठ्ठीच्या पॅडकडे जायचा. सायकोथेरपी मी वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. मुंबई-पुण्याची शिबिरं केली, त्यांचा उपयोगही झाला. पण आपल्या पेशंटसमोर आपल्याच तोंडून काय निघतं, ते शेजारी बसून दाखवणारं कुणी लागतं. मला ते लातूरच्या सरांनी दाखवलं.

त्यांचा नियम एकच होता. पेशंट काय म्हणाला, तू काय म्हणालीस, शब्दाला शब्द लिहून आणायचं. सारांश चालणार नाही. बर्लिनमध्ये १९२० साली मनोविश्लेषणाचा दवाखाना निघाला, तिथं शिकाऊ डॉक्टरांनी आपली केस ज्येष्ठापुढे मांडायची शिस्त लागली, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं. ते लाल पेन घेऊन वाचायचे आणि बराच वेळ काही बोलायचे नाहीत.

एक बाई माझ्याकडे येत होत्या. ओळख पटेल अशा खुणा इथे बदलल्या आहेत. एक शब्द मात्र बदललेला नाही, तो बदलून चालणारच नाही. नवरा जाऊन आठ महिने झाले होते. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, जीव घाबरा. चार बैठका झाल्या तरी त्या हो-नाहीच्या पुढे जात नव्हत्या. सरांनी वही माझ्याकडे वळवली. एकाच शब्दाला लाल वर्तुळं केली होती, पानोपानी. औषध. 'औषध घेतलंत का?' 'औषध वेळेवर घेता ना?' सगळी वाक्यं माझी.

"नवरा कशानं गेला?"

"विष पिऊन, सर."

"घरच्यांनी काय शब्द वापरला होता?"

मी पानं मागे उलटली. पहिल्याच बैठकीत, सासूचं वाक्य, माझ्याच अक्षरात: 'त्यानं औषध घेतलं, बाई.'

आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. मी लोह्याच्या बाजूच्या खेड्यात वाढले. 'अमक्यानं औषध घेतलं' हे ऐकून रस्त्यावर धावत सुटलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. तरी दवाखान्यातल्या खुर्चीत बसले की तो शब्द माझ्यासाठी फक्त डॉक्टरांचा उरत होता, आणि दर बैठकीला मी तो त्या बाईंपुढे ठेवत होते.

सर रागावले नाहीत. त्यांनी किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे १०,००० माणसं गेली. सर तेव्हा तरुण होते, पत्र्याच्या शेडमध्ये लोकांना झोपेच्या गोळ्या वाटत होते. एका म्हाताऱ्यानं गोळी परत त्यांच्या हातावर ठेवली. झोपलेलेच मेले, तो म्हणाला, मला झोपवू नका. "त्या दिवसापासून मी आधी विचारतो," सर एवढंच म्हणाले, आणि वहीचं पुढचं पान उलटलं.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, "ताई, गोळ्या घेता ना? मी इतके दिवस औषध औषध म्हणत होते. चुकलं माझं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंप अजून तिथंच टांगलाय, बाई. सासरे काढू देत नाहीत. सकाळी उठलं की पहिला तोच दिसतो." त्या दिवशी पाऊण तास त्याच बोलल्या. मी झोपेबद्दल एकदाही विचारलं नाही.

दोन वर्षं मी जात राहिले. सरांनी फी घेतली नाही. अर्धापूरची केळी नेली तर तेवढी ठेवून घ्यायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला नळ कोरडे पडले होते. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत मी माझ्यापुरतं पाणी नांदेडहून बाटलीत न्यायची आणि ती पिशवीतच ठेवायची. सरांना ती दिसली असणार. तरी दर शनिवारी मी टेकायच्या आत आतून भरलेला तांब्या यायचा, आणि मी तो पिऊन संपवेपर्यंत सर वही उघडत नसत. या तांब्याची फेड कशी करायची, ते मला आजवर सुचलेलं नाही.

आता नांदेडला माझा स्वतःचा दवाखाना आहे. बाहेर गोळ्या देणाऱ्या खिडकीत नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी तो पेशंटला हाक मारून विचारतोच, औषध घेतलं का म्हणून. मी आतून उठून जाते. खिडकीच्या आतल्या बाजूला पुठ्ठा चिकटवला आहे, त्यावर लाल पेनानं लिहिलंय: 'गोळ्या नेल्या का?' मी तो त्याला मोठ्यानं वाचायला लावते.