वकिलीची पदवी नको, विज्ञानाची हवी

लोणार-मेहकरच्या वस्त्यांत करिअर मार्गदर्शनाला बसलो की पोरं दोनच वाटा सांगतात : पोलीस भरती नाहीतर एमपीएससी. एकदा केमिस्ट्रीत बी.एस्सी. झालेल्या मुलीने पेटंटच्या कामाबद्दल विचारलं. आम्ही म्हणालो, "त्याला आधी वकिली करावी लागते." चूक आमची होती.

पेटंट कायदा १९७०, कलम १२६ वाचा. भारतीय नागरिकत्व, वय २१ पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि पेटंट एजंटची परीक्षा. दोन लेखी पेपर, मग तोंडी. दोन्ही पेपरांत किमान ५० आणि एकूण ६० टक्के. एलएल.बी. लागत नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या आम्हाला मात्र ही परीक्षा देता येत नाही. त्या मुलीला येते.

१९९५ मध्ये अमेरिकेत हळदीवर पेटंट दिलं गेलं. सीएसआयआरने पुराव्यानिशी लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. ज्ञान कुणाचं, हे शेवटी कागदावर ठरतं. मग तो कागद लिहिणाऱ्यांत आपण का नसावं?

बाबासाहेब ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. कायद्याची भाषा परक्या हाती सोडायची नसते. आम्ही त्या मुलीला पुन्हा गाठलं, कलम १२६ वाचून दाखवलं. तुमच्या वस्तीतल्या बी.एस्सी.वाल्यांना तुम्ही वाचून दाखवा.

जय भीम!