मेजर कशात?

रविवारी सकाळी आईचा फोन येतो. सांगलीला तेव्हा संध्याकाळ असते, देवापुढे दिवा लावून झालेला असतो आणि मालिका सुरू व्हायला अर्धा तास असतो. तेवढ्यात हवापाणी, तिचे गुडघे, कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं... सगळं उरकतं. मागच्या रविवारी तिने विचारलं, "मग, दातांच्या कॉलेजात कधी जाणार ती?"

"अजून दोन वर्षं आहेत गं. आधी इथली डिग्री पूर्ण करावी लागते."

"कशातली?"

"भाषाशास्त्रातली."

पलीकडे शांतता. मग, "अगं, पण दातांचं होतं ना?"

मला हसूही येईना, कारण गेले दोन महिने लेकीला मी हाच प्रश्न रोज वेगवेगळ्या शब्दांत विचारत होते.

तिकडच्या मंडळींसाठी थोडं सांगते. आपल्याकडे बारावीला पीसीबी घ्यायचं, 'नीट' द्यायची आणि अठराव्या वर्षी बीडीएसला बसायचं. माझ्या वेळी, म्हणजे १९९३ साली, बारावीचे मार्क बघून कुठे नंबर लागतो ते कळायचं. माझा मेडिकलला थोडक्यात हुकला, डेंटलला लागला. पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरत बसले होते. दुसरं काही आवडतं का, हे मला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

अमेरिकेत आधी चार वर्षांची साधी पदवी घेतात, मग चार वर्षं डेंटल स्कूल. पहिल्या चार वर्षांत मुख्य विषय, म्हणजे मेजर, कुठलाही चालतो. 'प्री-डेंट' हा विषय नाहीच, तो नुसता बेत. डेंटल स्कूलांना बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स साधारण एकेक वर्ष, प्रयोगशाळेसकट हवं असतं, बऱ्याच ठिकाणी बायोकेमिस्ट्रीही. शिवाय 'डॅट' नावाची परीक्षा. तिच्यात ९० प्रश्न नुसते आकारांचे असतात, एका तासात सोडवायचे. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, रचलेल्या ठोकळ्यांच्या किती बाजू रंगतील, असले. (हे मला फार आवडलं असतं. मी तिचं सरावाचं पुस्तक रात्री चोरून सोडवते.)

एवढं सांभाळलं की बाकी इतिहास शिका नाहीतर संगीत. सगळे मात्र बायॉलॉजीच घेतात, कारण लागणारे अर्धे कोर्स त्यातच होतात. आमच्या लेकीनेही तेच धरलं होतं. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळी सुट्टीत घरी आली आणि जेवताना म्हणाली, मी लिंग्विस्टिक्स घेतेय.

माझा हात आमटीच्या पळीवरच राहिला.

माझं म्हणणं अगदीच अडाणी नव्हतं हो. तिला ऑरगॅनिकच्या पहिल्या भागात सी प्लस मिळाला होता. डेंटलच्या अर्जात एकूण सरासरीबरोबर बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स एवढ्यांचीच वेगळी सरासरीही काढतात. बायॉलॉजीवाल्याचे त्यात ढीगभर कोर्स असतात, एखादा सी प्लस खपून जातो. भाषाशास्त्रवालीचे मोजके, मग तो एकच केवढा दिसणार! पुन्हा परीक्षा देऊन तो पुसताही येत नाही, अर्जात दोन्ही ग्रेड धरतात. आणि अर्ज करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनाच त्या वर्षी जागा मिळते. हे सगळं मी तिला हिशोब मांडून सांगितलं. मी एका डेंटल ऑफिसात इन्शुरन्सचं काम बघते, हिशोब मांडणं हीच माझी नोकरी.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "लिंग्विस्टिक्सला कोर्स कमी लागतात. उरलेल्या जागेत मी मायक्रोबायॉलॉजी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री सगळं घेणार आहे. बायॉलॉजी मेजर केलं तर मला इकॉलॉजी आणि झाडं पण करावी लागतील. तिथे बी आला तर?"

मग जरा थांबून, "आणि आई, ॲडमिशन मिळालीच नाही तर? बायॉलॉजीची डिग्री घेऊन मी काय करू? मला बायॉलॉजी नाही आवडत. मला दात आवडतात."

"आणि भाषाशास्त्र घेऊन काय करशील?"

"स्पीच थेरपीचं मास्टर्स करेन. नाहीतर दुसरं काहीतरी. पण ती चार वर्षं मला आवडलेली असतील." मग अगदी सहज, उलट उत्तर म्हणून नाही, तिने विचारलं, "तुझं डेंटलचं नाही झालं तेव्हा तुला दुसरं काय करावंसं वाटलं?"

मी ताटं उचलली.

इथे वाचणाऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे, पण कधी बोललो नाही आपण. २००१ साली लग्न होऊन आले ती एच-४ वर, नोकरीची परवानगी नाही. भारतातल्या बीडीएसवर इथल्या बहुतेक राज्यांत दात बघता येत नाहीत. बोर्डाच्या परीक्षा द्यायच्या, मग इथल्या डेंटल स्कूलात निदान दोन वर्षं पुन्हा शिकायचं, तेही भरमसाट फी भरून. मी २००४ साली बोर्डाचा पहिला भाग पास झाले. २००६ साली लेक झाली. दुसऱ्या भागाची पुस्तकं गॅरेजमध्ये अजून आहेत. तो पहिला भाग आता परीक्षेतच उरला नाही, २०२० च्या शेवटी बंद झाला.

दुसरं काय करावंसं वाटलं? काहीच नाही. माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. मी फक्त 'डेंटिस्ट नसलेली' झाले आणि बरीच वर्षं तेवढीच राहिले. असो.

सोमवारी ऑफिसात आमच्या डॉक्टरांना विचारलं, तुमचं मेजर कशात होतं? अकरा वर्षं त्यांच्याकडे काम करतेय, पण हे कधी विचारलं नव्हतं. म्हणाले, इतिहास. आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

मार्चच्या सुट्टीत लेक पुन्हा आली ती गृहपाठ घेऊन. "आई, तुझं तोंड पाहिजे. माझं चालत नाही, मी दोन्ही 'ज' सारखेच म्हणते." प्रयोग असा: कोळशाची बारीक पूड ऑलिव्ह तेलात कालवून जिभेला फासायची, एकच शब्द म्हणायचा, मग तोंडात आरसा धरून टाळूला काळं कुठे लागलं ते बघायचं. जीभ जिथे टेकली तिथे डाग. टाळूच्या छापासाठी तिने अल्जिनेटही आणलं होतं आणि भांड्यात पाणी घालून दह्यासारखं ढवळत होती. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. वीस-बावीस वर्षांनी केलं, पण मनगटाला आठवत होतं. गुठळी नाही, बुडबुडा नाही.

मग मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीत मान मागे टाकून बसले आणि काळी जीभ घेऊन म्हटलं, "जग." म्हणजे विश्व. तिने फोटो काढला. चूळ भरली, पुन्हा काळं फासलं, पुन्हा "जग." म्हणजे जगत राहा. लिहायला दोन्ही सारखे, पण दुसऱ्यात डाग चांगलाच पुढे सरकलेला, वरच्या दातांच्या मुळाशी. पन्नास वर्षं मी हे बोलतेय आणि वीस हजार वेळा कोणाच्या ना कोणाच्या टाळूत डोकावलेय, पण हे मला ठाऊक नव्हतं.

आरसा धरून ती तशीच बघत राहिली. "आई, खालच्या डाव्या दाढेत ही चांदी कोणी भरली?"

"तिसऱ्या वर्षी, मैत्रिणीने. प्रॅक्टिकलला पेशंट आला नव्हता."

"कड अजून छान बसलीय." हात स्थिर होता तिचा. ओठ कुठे धरायचा, आरसा दातावर न आपटता कसा फिरवायचा, हे मी तिला कधी शिकवलेलं नाही. आमच्या डॉक्टरांकडे उन्हाळ्यात उभी राहायची, तिथे पाहिलं असेल.

माझी काळजी गेलेली नाही. डेंटल स्कूलमधून कर्ज काढून बाहेर पडणाऱ्यांच्या डोक्यावर सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. त्यात २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने नवीन विद्यार्थ्यांना अशा शिक्षणासाठी सरकारी कर्ज वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाखांपर्यंतच मिळणार आहे. वरचे पैसे कुठून, हा हिशोब नवरा आणि मी रात्री करतो. ऑरगॅनिकच्या दुसऱ्या भागाचा निकाल मे महिन्यात आहे.

मेजरचा फॉर्म तिने शुक्रवारी भरला. आईला मी अजून एवढंच सांगितलंय की दातांचं पक्कं आहे. मामी, तू हे वाचत असशील तर तिला लगेच फोन करू नकोस, रविवारी मीच सांगते.

आणि कोळशाचे तेलकट डाग पांढऱ्या टॉवेलवरून कसे काढायचे ते कोणाला माहीत असेल तर कळवा. व्हिनेगर करून झालंय.