भुलीच्या औषधाचा जोडधंदा

गळू कापायच्या वेळी झायलोकेन दगा देतं, हे तालुक्याच्या दवाखान्यातली जुनी सिस्टरही सांगेल. पू धरलेली जागा आम्लधर्मी असते. तिथे औषधाचे बरेचसे रेणू विद्युतभारित होतात आणि मज्जातंतूच्या वेष्टणातून त्यांना आत शिरता येत नाही. म्हणून जाणता भूलतज्ज्ञ गळवातच सुई खुपसत नाही. भोवतीच्या निरोगी कातडीत गोल फिरून तो औषध टोचतो, नाहीतर लांबूनच नस बधीर करतो.

गंमत अशी की ज्या जंतूंनी तो पू केला, त्यांनाही हे औषध सोसत नाही.

झायलोकेन म्हणजे लिग्नोकेन. स्टॉकहोममध्ये निल्स लोफ्ग्रेन यांनी १९४३ साली ते तयार केलं, ते वेदना थांबवण्यासाठी. जंतू मारणं हा त्याचा जोडधंदा. नसेत ते सोडियमची वाट अडवतं, म्हणून वेदनेचा निरोप पुढे जात नाही. जंतूंच्या बाबतीत घाव पडतो तो मुख्यतः त्यांच्या पेशीपटलावर. पटल सच्छिद्र होतं, आतले क्षार बाहेर झिरपतात, वाढ खुंटते. मात्रा चढी असेल आणि वेळ मिळाला तर जंतू मरतोही.

हे सगळं मात्रेवर ठरतं, आणि उत्साही मंडळी नेमकं तेच विसरतात. फिनलंडच्या रोझेनबर्ग आणि रेन्कोनेन यांनी १९८५ साली झायलोकेनचंच भावंड असलेलं बुपिव्हाकेन आणि मॉर्फिन यांची जंतूंवर परीक्षा घेतली. मॉर्फिनने कुणाचं काही बिघडवलं नाही. पाव ते अर्धा टक्का बुपिव्हाकेनने मात्र बऱ्याच जंतूंची वाढ रोखली. स्यूडोमोनास तेवढा बधला नाही. तो जंतूच मुलखाचा चिवट. आता प्रसूतीच्या कळा कमी करायला एपिड्युरलच्या नळीतून जे बुपिव्हाकेन तासन्‌तास सोडतात, ते बहुधा ०.१ टक्का किंवा त्याहूनही पातळ असतं. त्याच्या भरवशावर नळीची स्वच्छता सैल सोडणं म्हणजे शुद्ध हलगर्जीपणा.

कमरेतून भूल देताना तर हा धडा आणखी ठळक होतो. अँप्युलमध्ये अर्धा टक्का बुपिव्हाकेन, म्हणजे प्रयोगशाळेत जंतूंना जेरीस आणणारी मात्रा. तरीही क्वचित एखाद्या रुग्णाला नंतर मेंदूज्वर होतो आणि पाठीतल्या पाण्यात सापडतो तोंडात, घशात राहणारा स्ट्रेप्टोकॉकस. तो बरेचदा सुई टोचणाऱ्याच्याच तोंडातून आलेला असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ साली अशा कामाच्या वेळी मास्क बांधायलाच हवा असं बजावलं, ते याचसाठी. मणक्यातल्या पाण्यात मिसळून औषध विरळ होतं. जंतूला तेवढी सवड पुरते.

भुलीच्या त्याच ट्रॉलीवर ठेवलेलं, शिरेतून द्यायचं प्रोपोफोल अगदी उलट स्वभावाचं. सोयाबीन तेलाचं ते दुधाळ मिश्रण जंतूंना चांगलंच मानवतं. १९९०च्या सुमारास अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत त्यातून संसर्गाच्या साथी उद्भवल्या. औषध आधीच भरून ठेवणं, एकच व्हायल अनेकांना वापरणं अशा सवयी त्यामागे निघाल्या. पण म्हणून झायलोकेनची उघडी व्हायल दिवसभर वापरावी असं नाही. ३० मिलीच्या व्हायलीत परिरक्षक म्हणून मिथाइलपॅराबेन घातलेलं असतं, तरी वापरलेली सुई आत गेली की रक्तातून पसरणारे विषाणूही आत जातात. ते या जोडधंद्याला भीक घालत नाहीत.

या गुणाचा खरा हिशोब शस्त्रक्रियेत नाही, तपासणीत द्यावा लागतो. दुर्बिणीने फुफ्फुस तपासताना घशात, श्वासनळीत लिग्नोकेन शिंपडावंच लागतं, नाहीतर रुग्ण खोकून बेजार होतो. मग तेच औषध नमुन्यात उतरतं आणि कल्चरमध्ये जंतू उगवायला कुरकुर करतात. टॉपिकल भुलीमुळे ब्राँकोस्कोपीचे अहवाल बदलतात, असा इशारा अमेरिकी डॉक्टरांनी १९६२ सालीच दिला होता. अहवालात ‘वाढ नाही’ असं आलं की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि फुफ्फुसात जंतू असतोच.

डोळ्याचंही तसंच. उसाचं पातं लागून बुबुळावर जखम झालेला शेतकरी येतो, तेव्हा त्या जखमेतून खरवडून नमुना घ्यावा लागतो. त्याआधी भुलीचे थेंब टाकणं भागच आहे. टेट्राकेन जंतूंना जास्त दाबतं, म्हणून नेत्रतज्ज्ञ प्रोपॅराकेन पसंत करतात. शिवाय बऱ्याच थेंबांत परिरक्षक म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं आणि ते स्वतःच जंतुनाशक. थेंब बेताचे टाकायचे, नमुना घेण्याआधी अँटिबायोटिकला हात लावायचा नाही, आणि खरवडलेलं लगेच माध्यमावर पसरायचं.

हे ध्यानात ठेवणारा भूलतज्ज्ञ गळवाचा पू सिरिंजमध्ये ओढताना त्यात औषध मिसळणार नाही याची काळजी घेतो. कल्चरच्या फॉर्मवर अँटिबायोटिकची नोंद बहुतेक जण करतात. तिथेच आणखी एक ओळ लिहावी: नमुना घेण्याआधी कोणतं भुलीचं औषध दिलं, किती टक्के आणि किती मिली. मायक्रोबायॉलॉजीच्या डॉक्टरला ‘वाढ नाही’ हा शेरा लिहिण्याआधी ती वाचायला मिळाली पाहिजे.